नाल्याकडचा झिरा

रुपराव भाऊच्या घरी कोणी गेलं तं तो पाणी विचारत नव्हता. बसा म्हणे, खाट झटकून दे, घरच्यायची तब्येत विचारे, पण पाण्याचं नाव काढत नव्हता. पाहुण्यानं आपल्या तोंडानं मागतलंच तं ओट्यावरून मले हाक मारे, "पंचफुला, पाणी आण वं." मंग मी माह्या घरातून गिलास भरून नेत होती. नवीन माणूस असला की नाक मुरडे. कसा माणूस आहे म्हणे, आलेल्याले घोटभर पाणी नाही! मी तिथंच तडकत होती त्याच्यावर. तुमाले काय माहीत बाप्पा, या माणसानं किती जणायले पाणी पाजलं आहे ते? पिऊन घ्या आन् चूप बसा.

मी त्याच्या भिंतीले भिंत लागून राहणारी. विड्या वळता वळता सत्तावीस वर्षं मी त्याले पाहिला. सख्खा नव्हता, पण भाऊ म्हटलं त्याले, आन् त्यानं बहिणीवाणी वागवलं मले. म्हणून मलेच सांगाले पाहिजे हे. दुसरे सांगतात तं अर्धं सांगतात.

आमची मोहाटोली नागपुरातच. वर टेकाडावर नवा लेआउट, तिथं सिमेंटची घरं. खाली नाला. मधात आमची पन्नास-साठ घरं, मातीच्या भिंती आन् वर कवेलू. छप्पन साली आम्ही सगळ्यायनं दीक्षा घेतली. त्याच्या आधी पाण्याचे असे हाल की सांगाची सोय नाही. रुपरावची माय, तुळसाबाई, पलीकडच्या मोहल्ल्यातल्या विहिरीपाशी पाण्याचा गुंड घेऊन उभी राहे. दोराले हात लावाचा नाही, विहिरीच्या ओट्यावर पाय ठेवाचा नाही. कोणाले दया आली तं तो आपल्या बालटीतून तिच्या गुंडात वरून ओते. नाही आली तं ऊन डोक्यावर येईपर्यंत बुढी तशीच उभी.

आन् तिचा पोरगा कोण? विहिरी खोदणारा! नागपुरात आन् आजूबाजूच्या खेड्यात किती विहिरी त्यानं खोदल्या असतील. टिकास, सब्बल, घमेलं आन् रुपराव. खडक पाहून सांगे, इथं लागन, इथं नाही लागत. पाणी लागलं की मालक त्याले वर बोलावे, मजुरी दे, नारळ फोडे, आन् त्या दिवसापासून रुपरावले त्याच विहिरीले हात लावाची मनाई. आग लागो त्या रीतीले!

दीक्षा घेतल्यावर सत्तावनच्या उन्हाळ्यात भाऊनं बस्तीची विहीर खोदाले घेतली. दिवसा लोकायचं काम, संध्याकाळी आपलं. बायकायनं माती ओढली, मीही ओढली, तेव्हा लग्न होऊन मले वर्ष झालं नव्हतं. सतराव्या हातावर खडक लागला. आता काही होत नाही, असं सगळे म्हणाले लागले. भाऊ खाली उतरला, खडकाले कान लावून बसला, आन् नाल्याकडच्या बाजूले सब्बल मारली. खडकात भेग होती. तिथून मनगटाएवढी धार सुटली. भाऊनं तोंडच लावलं त्या धारेले. वर आला तं ओलाचिंब, हसून राहिला आन् रडूनही राहिला. पहिली बालटी तुळसाबाईनं ओढली, आपल्या हातानं, आपल्या दोरानं. ओंजळभर पेली आन् म्हणे, "आता कोणाच्या तोंडाकडं पाहाचं काम नाही रे बाबू."

त्या झिऱ्याची गोष्ट भाऊ दरसाल सांगे. बुद्धपौर्णिमेच्या आधी विहिरीचा उपसा असे, घरामागं एक माणूस. उपसा झाला की हा खाली उतरून सगळ्या पोट्टेपोट्ट्यायले दाखवे, "पाहा, हा नाल्याकडचा झिरा. याच्यावर आपली विहीर जगते. बाकी सगळं ओलसरपणा आहे." मीरा, त्याची एकुलती एक पोरगी, कंटाळून म्हणे, "बाबा, मागच्या सालीही हेच सांगतलं." मीराची माय ती तीन वर्षाची असताना गेली. भाऊनं दुसरं लग्न केलं नाही. मीरा आन् विहीर, एवढाच त्याचा संसार.

आन् दसरा! उमरेडकडचे, कुहीकडचे लोक दीक्षाभूमीवर जाले आमच्याच सडकेनं येत. बायका, म्हातारे, कडेवर लेकरं. भाऊ उजाडताच विहिरीवर उभा राहे ते दिवस बुडेपर्यंत. ओढे आन् ओते, ओढे आन् ओते. हाताले फोड येत. कुहीकडची एक बुढी दरसाल येये, गुडघे धरत धरत. त्याच्या हातचं पाणी पिये आन् त्याच्या तोंडावरून हात फिरवे. "शहरात एवढं गोड पाणी कुठं नाही रे बापू," म्हणे. भाऊले तेवढ्यानं वर्षभर पुरे.

चौऱ्याहत्तर साली नोटीस आली. वरच्या लेआउटले नळ आन् गटरलाइन येऊन राहिली, मोहाटोलीनं पैसे भरले तं मोहाटोलीतही येईल. नळाचे साठ, गटरलाइनचे एकशेदहा, सडक फोडाचे पंधरा. एकशेपंच्याऐंशी रुपये घरामागं. अवं माय! माह्या घराच्या बल्ल्या आन् कवेलू विकले असते तरी एवढे आले नसते. चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला. वरून जागेचे पट्टे कोणाजवळ नाहीत. पैसे भरले आन् उद्या इथून उठवलं तं नळ डोक्यावर घेऊन जायचं का?

विहारात मीटिंग बसली. नळ खात्यातून एक बाबू आले, मधुसूदन बाबू, चष्मेवाले, शांत माणूस. खोटं कशाले बोलू, त्यायनं नीट समजावलं. "सहा हप्ते पाडून देतो," म्हणाले. "पण चारातल्या तीन घरांच्या सह्या एकदम हव्यात. नाहीतर लाइन लेआउटपर्यंतच थांबेल." सुमती नावाची विधवा होती, दोन पोट्टे पदरात, तिनं विचारलं, हप्ता चुकला तं? बाबू म्हणे, मुदत मागून घेता येईल. लोक डुलाले लागले होते. अर्धी बस्ती तयार होती, हे मी माह्या डोळ्यानं पाहिलं आहे.

मंग बाबू म्हणाले, "आणि एक. नळ आला की ही विहीर बुजवावी लागेल. तशी अट आहे."

झालं! रुपराव भाऊ उभा राहिला. तो मीटिंगीत कधी बोलत नव्हता. त्या दिवशी बोलला. "बाबूजी, माही माय दुसऱ्याच्या विहिरीवर भिकाऱ्यासारखी उभी राहे. ही विहीर मी खोदली तं तिची मान वर झाली. तुमच्या नळाची चाबी तुमच्या हातात. तुमी सोडान तं पिऊ, तुमी बंद करान तं पुन्हा गुंड घेऊन उभं राहू. माह्या विहिरीले कुलूप नाही. पैसे भरून मी माह्या मायले पुन्हा तिथं उभी करू का?"

आन् सगळ्यात पहिले कोण ओरडलं? मी! उचलली जीभ आन् लावली टाळ्याले. "भाऊ बरोबर बोलून राहिले! आमाले नाही पाहिजे नळ!" हात वर केला. मंग एकामागून एक हात वर झाले.

आज सांगते. मले तुळसाबाईच्या मानेचं काही पडलं नव्हतं. माह्याजवळ पैसे नव्हते, आन् सगळ्यायसमोर नाहीत म्हणाले लाज वाटत होती. भाऊनं इज्जतीची वाट दाखवली, मी तिच्यावरून पळाली. त्यातल्या अर्ध्या हातायचं असंच होतं, मले माहीत आहे.

बाबूनं कागद गोळा केले. जाता जाता भाऊले एवढंच म्हणाले, "रुपरावजी, लेआउटच्या गटाराला कुठंतरी जावंच लागेल. उतार तुमच्याकडं आहे. तुम्ही जमीन ओळखता, विचार करा." पोट्टे फिदीफिदी हसले.

पुढच्या सालात लाइन आली ते लेआउटच्या टोकापर्यंत. तिथून एक मोठा पाइप नाल्यात सोडून दिला, बस्तीच्या वरच्या अंगाले. सध्यापुरता, असं सांगतलं. ज्याच्या घरी फ्लशचा संडास, त्याचं सगळं त्या पाइपातून आमच्या नाल्यात. उन्हाळ्यातही नाला काळा वाहाले लागला. जेवताना नाकाले पदर लावाची पाळी आली.

एक दिवस मी विहिरीवर पाणी भरत होती, भाऊ तिथंच होता. मी म्हटलं, "भाऊ, झिरा नाल्याकडूनच येते ना आपला?"

तो माह्यावर खेकसला. कधी खेकसत नव्हता. "खडक गाळते पाणी. तुले काय समजते विहिरीतलं? पाहा, काचेवाणी आहे."

खरंच काचेवाणी होतं. वास नाही, रंग नाही. पण दुसऱ्या दिवशी पाहते तं हा विहिरीत पाणी साफ कराची लाल दवाई टाकून राहिला. आन् टाकून झाल्यावर कितीक वेळ नाल्याकडं तोंड करून उभा होता. मी पाहिलं आन् घरात गेली. मीही विचारलं नाही पुन्हा. विचारून काय केलं असतं, प्याले दुसरं पाणी कुठं होतं?

शहात्तर साली मीराले दिवस गेले. तिचं सासर गांधीबागेजवळच्या गल्लीत, नवरा ठोक कापडाच्या दुकानात गाठोडे उचलणारा, भला पोरगा. घरात नळ. सातवा महिना लागला तसा भाऊ तिले आणाले गेला, मीही सोबत होती, ओटीचं सामान घेऊन. तिची सासू बायजाबाई म्हणे, "व्याहीबुवा, राहू द्या तिले इथंच. दवाखाना जवळ आहे, नळ आहे. तुमच्या तिकडं नाल्याचा लय वास म्हणतात." बिचारीनं साधंच म्हटलं होतं. पण नळाचं नाव निघालं आन् भाऊले ते लागलं. "पहिलं बाळंतपण माहेरी होते. बाप जिता आहे तिचा. माह्या विहिरीचं पाणी पिऊन वाढली ते, तेच पिऊन बाळंत होईन."

मीरा माह्याकडं पाहून हसली. तिले यायचंच होतं. बापाजवळ राहाचं होतं तिले.

महिना नाही झाला तं सुमतीच्या दोन्ही पोट्ट्यायचे डोळे पिवळे झाले. मंग आणखी चार घरी. कावीळ म्हटलं की आमच्याकडं माळ घालतात गळ्यात, ती लांबत गेली की कावीळ उतरली म्हणतात. सगळ्यायनं माळा घातल्या. लोक विहिरीकडं तिरप्या डोळ्यानं पाहाले लागले. तं भाऊनं भरल्या विहिरीवर, सगळ्यायसमोर, बालटीले तोंड लावून घटाघटा पाणी पेलं. "पाहा! मी पितो. मले काहून काही होत नाही?" त्याले खरंच काही झालं नाही. तेच वाईट झालं. झालं असतं तं पोरगी वाचली असती.

मीराले ओकाऱ्या सुरू झाल्या. पोटुशी बाई आहे, होते तसं, असं आम्ही म्हटलं. मंग एक दिवस सकाळी ती अंगणात बसून वेणी घालत होती, माह्याकडं वळली तं डोळे हळदीसारखे. माह्या हातातलं सूप खाली पडलं.

मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं ती पाच दिवस होती. दवाखान्याच्या पाण्याले दवाईचा वास येते म्हणून तिनं तोंड फिरवलं, "बाबा, आपल्या विहिरीचं आणा." आन् बापानं आणलं. रोज सकाळी पितळेचा लोटा घासून, विहिरीतून भरून, वर कपडा बांधून, मोहाटोलीपासून दवाखान्यापर्यंत पायी. थेंब सांडू देत नव्हता. तिचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजे. मी तिथं बसून होती. मीही एकदा पाजलं.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईनं लोटा पाहिला. "हे पाणी कुठलं?" भाऊ मोठ्या अभिमानानं म्हणे, "आमच्या विहिरीचं, बाई. मी खोदली आहे." बाईनं विचारलं, आजूबाजूला काय आहे, गटार, नाला? किती दूर? खाली जमीन कशी आहे? भाऊ एकेक सांगत गेला. साठ पावलं. खडक. खडकात भेग. भेग कोणत्या बाजूनं... आन् बोलता बोलता तो थांबला.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तं बरं झालं असतं. "हे पाणी आता कोणालाच देऊ नका," एवढंच म्हणाल्या.

भाऊ लोटा हातात धरून तसाच बसला. मीराले शुद्ध राहात नव्हती तोपर्यंत. मधातच ती "बाबा, पाणी" म्हणे. लोटा त्याच्या हातात, भरलेला, आन् त्याले तो देता येत नाही. मी धावत जाऊन दवाखान्याच्या नळाचं आणलं. तिनं एक घोट घेतला आन् बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

बायजाबाई आली, भाऊच्या पायाशी बसून रडली फक्त. जावई भिंतीकडं तोंड करून उभा होता.

आठ दिवसानं भाऊनं टिकास आन् घमेलं काढलं. आम्हाले वाटलं कुठं कामाले निघाला. तो टेकाडाखालचा मुरूम खणून विहिरीत टाकाले लागला. एकटाच. बस्तीतले माणसं धावले, आम्ही हात लावतो म्हणाले. "खबरदार!" म्हणे. "खोदताना तुमची मदत घेतली. बुजवाले कोणी पाहिजे नाही मले." एकवीस हात विहीर, दोन महिने लागले त्याले. तेव्हापासून आपल्याकडं नळ येईपर्यंत आम्ही लेआउटच्या एका घरी बालट्या घेऊन उभ्या राहात होतो, त्यायची मोलकरीण नळ सोडन तेव्हा. तुळसाबाई उभी राहे तशाच. मी रांगेत उभी राहून रोज स्वतःले शिव्या दिल्या.

पुन्हा अर्ज गेला. आता घरामागं दोनशेसाठ झाले होते. सही पहिली रुपरावची, दुसरी माही. या खेपेले कोणी कुरकुर केली नाही. माह्या कानातले गेले, सुमतीची बकरी गेली. अठ्ठ्याहत्तरच्या शेवटी नळ आला, गटरही आलं, तो पाइप नाल्यातून निघाला. मधुसूदन बाबू आले होते. विहीर बुजवल्याच्या कागदावर त्यायनंच भाऊची सही घेतली.

भाऊनं पैसे भरले, पण आपल्या घरात तोटी बसवली नाही. आपल्यापुरतं तो माह्या घरून एक लोटा नेये. तोच लोटा. दुसऱ्या माणसाले मात्र त्यानं मरेपर्यंत आपल्या हातानं पाणी दिलं नाही. एकदा मी भांडली त्याच्याशी. म्हटलं, भाऊ, हात मी वर केला होता पहिले, मीही पाजलं मीराले, मंग मी काहून देते पाणी लोकायले? तो म्हणे, "तुले नुसती शंका होती, पंचफुला. मले माहीत होतं. तू विचारलं त्याच दिवशी माहीत होतं."

त्यानंतर मी कधी तो विषय काढला नाही.

एकदाच निघाला, दसऱ्याच्या दिवशी. ब्याऐंशी साल असेल. लोक दीक्षाभूमीवर चालले होते. नळ सकाळी तासभर येऊन गेलेला. भाऊ विहिरीच्या जागी, त्या मुरमाच्या उंचवट्यावर बसून होता. तिथंच बसे तो. कुहीकडची ती बुढी आली, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. डोळ्यात मोतीबिंदू पडलेले, दोन्ही पांढरे. भाऊपुढं थांबली आन् काठीनं जमीन चाचपाले लागली.

"इथं विहीर होती ना रे बापू? एक बाबू दरसाल पाणी पाजे आमाले. कुठं गेला तो?"

भाऊनं तिच्याकडं पाहिलं. मी दारात होती, मले वाटलं आता हा उठन, तिचा हात धरन, मीच तो म्हणन.

"तो मेला, माय," भाऊ म्हणाला.

बुढी हळहळली. दोन्ही हात वर जोडले तिनं. "लय भला माणूस होता. त्यानं पाजलेलं पाणी त्याच्या लेकराबाळाच्या कामी येवो."

भाऊ उठला. माह्याकडं न पाहताच म्हणे, "पंचफुला, मायले पाणी आण वं," आन् घरात जाऊन दार लावून घेतलं.

मी गिलास भरून आणला. बुढीनं दोन्ही हातानं धरून सगळा पेला, पदरानं तोंड पुसलं.

"थंड आहे वं बाई," म्हणे. "पण त्या विहिरीची चव नाही याले."

"नाही, माय," मी म्हटलं. "नाही त्याची चव."